नीटच्या वहीची मागची पानं : तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

सांगलीत आमचा एक छोटा गट आहे, नोकरीधंदा सांभाळून सोळा ते बावीस वयाच्या पोरापोरींना वर्ष-दोन वर्ष सोबत करणारी माणसं, त्यात शिक्षक आहेत, एक नर्स आहे, वर्कशॉपवाले आहेत, रिटायर झालेले आहेत. हे प्रकरण त्यातलंच. मुलगी तासगाव तालुक्यातली, नाव-गाव देत नाही, तिला आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय. नवीन मेंटॉर आला की त्याचा पहिला प्रश्न असतो "पोराला नेमकं सांगायचं काय?" आणि माझं म्हणणं असं की सांगायची वेळ फार उशिरा येते, आधी नुसतं बघावं लागतं आणि हाताला काहीतरी खरं काम द्यावं लागतं. ते कसं होतं हे या मुलीच्या बाबतीत मला जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचित दिसलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परिस्थिती काय होती

घरी दोन एकर द्राक्षबाग, वडील, आई, आजी, धाकटा भाऊ. बागेवर सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसानं तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बागा झोडपल्या होत्या, त्यात यांचाही माल गेला आणि तेव्हाचं देणं अजून पूर्ण फिटलेलं नाही. हे आधीच सांगतेय कारण पुढं वडील जे वागले त्याच्या मागं ते साल आहे.

मुलगी शाळेत हुशार. दहावी २०२० ची, कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला ती बॅच. त्या काळात दहावीच्या मुलांची राज्यात कल चाचणी व्हायची, त्यात हिचा पहिला कल आरोग्य व जैविक विज्ञान आला आणि दुसरा कृषी. घरात पहिलीच ओळ वाचली गेली. डॉक्टर होणार हे ठरलं. अकरावी सगळी मोबाईलवर झाली, रेंजसाठी गच्चीत बसून, बारावी २०२२ ला, आणि मग नीट. पहिल्यांदा मार्क कमी आले म्हणून सांगलीत कॉट बेसिसवर राहून क्लास लावला, पुन्हा दिली, मार्क थोडे वाढले पण एमबीबीएसच्या आसपासही नाहीत. एक आकडा लोकांनी लक्षात ठेवावा असा आहे, २०२४ ला नीटला २३ लाखांच्या वर मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण १ लाख १० हजार, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. म्हणजे बहुतेक मुलं नापास ठरणारच अशीच ही परीक्षा आहे, पण गावात कुणी असं बघत नाही, गावात विचारतात "यंदा पण न्हाई का झालं?"

२०२३ च्या पावसाळ्यात ती घरी परत आली. लोकांसमोर येईना, लग्नकार्याला जाईना, मैत्रिणींचे फोन उचलेना. वडील म्हणत होते कर्ज काढतो पण तिसऱ्यांदा बस. आईनं नातेवाईकांना स्थळाचं सुचवून ठेवलं होतं. तिच्या आत्यानं आमच्या गटातल्या एकीला सांगितलं, पोरगी आतल्या आत चाललीया, कुणीतरी बोला.

पहिली भेट

गटातून ज्यांना पाठवलं ते कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी करून रिटायर झालेले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मुलगी काका म्हणायची. खरं तर आमचा विचार होता की आधी कुणीतरी बाईमाणूस जावं, पण त्या घरात बागेच्या निमित्तानं सहज शिरू शकेल असं माणूस तेच होते. पहिल्या वेळी मी सोबत गेले होते.

आप्पांनी मुलीचा विषयच काढला नाही. सोप्यात बसून वडलांशी बागेचं बोलत राहिले. सप्टेंबर संपत आलेला, फळछाटणी झालेली. द्राक्षपट्ट्यात तारखेनं कुणी बोलत नाही, छाटणीपासून बाग किती दिवसाची झाली यावर सगळं चालतं, तसं आप्पांनी विचारलं किती दिवसाची झाली. वडील म्हणाले, असंल की वीस-बावीस. तर आतनं आवाज आला, "वरची बावीस. खालच्या पट्ट्याची एकोणीस. मजूर मिळालं न्हाईत तवा तीन दिवस खाडा पडलेला."

आप्पा थांबले. म्हणाले, "लिवून ठेवलंयस का ध्यानात हाय?"

ती वही घेऊन बाहेर आली. नीटची वही, पुढून मानवी शरीराच्या आकृत्या आणि उलटी केली की मागच्या पानांवर छाटणीची तारीख, डोळे फुटायची पेस्ट कधी लावली, कुठलं औषध कधी मारलं, दुकानाची बिलं, पाऊस पडला का, सकाळी पान ओलं होतं का. वडलांनी एकदा बिलं लिहून ठेव म्हणून सांगितलेलं, बाकीचं तिनं आपणहून वाढवलेलं. कुणी बघितलंही नव्हतं.

आप्पा ती वही बराच वेळ वाचत बसले. मला वाटलं आता कौतुक करतील, तर त्यांनी विचारलं, "हे पान ओलं लिवलंयस, ते हात लावून का दारातनं बघून?" ती म्हणाली, दारातनं. "मग उद्यापास्नं हात लावून लिव." एवढंच. आणि मला परतीच्या वाटेवर म्हणाले, मॅडम, ह्या पोरीला सांगायचं काय न्हाई, हिला काम द्यायचं.

मला ही भेट फार मोलाची वाटते. त्या मुलीला वर्षभरात येईल त्यानं विचारलं होतं, तुला नक्की आवडतं काय, आणि ती प्रत्येकाला माहीत नाही असं सांगत होती आणि ते खरंच होतं. एकोणीस वर्षाच्या पोरानं परीक्षेपलीकडं काही केलेलंच नसतं तर आवड सांगणार कुठून? आवड विचारून कळत नाही, काम देऊन कळते, आणि त्याहून आधी ते पोर कुणी न सांगता काय करतंय ते बघून कळते. ऑलिम्पिकपर्यंत गेलेला आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव बघा, मजुरी करणाऱ्या घरातला पोरगा, झेडपी शाळेतल्या शिक्षकांनी त्याला आधी पळायला लावलं, तिरंदाजी त्याच्या किंवा त्यांच्याही डोक्यात नव्हती, ती पुढं क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर सापडली. त्या शिक्षकांनी पोराला मैदानावर आणलं, पुढचं मैदानानं दाखवलं.

काम काय दिलं

आप्पांनी तिला चार बागा दिल्या, तिच्या घरची एक आणि शेजारपाजारच्या तीन. रोज सकाळी जायचं, पानाला हात लावायचा, दव किती वाजेपर्यंत टिकलं ते लिहायचं, पाऊस मोजायचा, प्रत्येक बागेतली ठरलेली झाडं उलटसुलट बघायची. द्राक्षाला डाऊनी, म्हणजे बुरशीचा एक रोग, येते ती पान सलग काही तास ओलं राहिलं आणि हवा फार गरम नसली की, त्यामुळं पान किती वेळ ओलं होतं ही नोंद लाखमोलाची आणि नेमकी तीच कुणी ठेवत नाही, फवारणी बहुतेक वेळा शेजाऱ्यानं मारली म्हणून मारली जाते. अट एकच घातली, पहिला हंगाम कुणालाही सल्ला द्यायचा नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं.

आठवड्यातून एकदा आप्पा यायचे आणि वही बघायचे. उत्तर शक्यतो द्यायचे नाहीत. एकदा तिनं लिहिलं "डाऊनी आली". आप्पांनी विचारलं कशावरून. तेलकट डाग दिसला म्हणून. मग त्यांनी दाखवलं, तसलं पान ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेव आणि सकाळी पालथं करून बघ, खालून पांढरी बुरशी फुटली तर डाऊनी. सकाळी नव्हती फुटली. तो डाग औषधाच्या चटक्याचा होता. तिनं ते "डाऊनी आली" खोडलं नाही, पुढं नुसती तारीख टाकून "नाही" लिहिलं. खोडाखोड न करण्याची ही सवय तिला कुणी शिकवली नव्हती.

आणि त्याच काळात एक दिवस तिनं स्वतः आप्पांना फोन केला, पहिल्यांदाच, की काका, डाऊनी पानाच्या खालच्या अंगाला का वाढती ते कळलं, द्राक्षाच्या पानाला स्टोमॅटा खालच्याच बाजूला असतात, बुरशी तिथनं आत जाती आणि तिथनंच बाहेर येती! स्टोमॅटा, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, तिनं नीटसाठी कितीतरी वेळा पाठ केला होता, आकृती काढली होती, गार्ड सेल्स वगैरे सगळं. तो आपल्या दारातल्या बागेत काय करतो हे त्या दिवशी जुळलं. आप्पा सांगतात त्या दिवशी ती पाच मिनिटं न थांबता बोलत होती. दोन वर्षांचा अभ्यास वाया गेला असं जे तिच्या डोक्यात बसलं होतं ना, ते तिथं पहिल्यांदा हललं.

घरच्यांचं आणि गावाचं

हे लिहायला सोपं आहे, पण आईचा पहिल्या आठवड्यातच विरोध झाला. तरणीताठी पोरगी सकाळी सकाळी दुसऱ्याच्या बागंत एकटी फिरती, लोक काय म्हणतील. आईचं चुकीचं नव्हतं, तिला त्याच गावात राहायचंय. आप्पांनी वाद घातला नाही. त्या बागांमध्ये विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायकांच्या टोळ्या जातातच, मुलीची चुलती अशाच एका टोळीत होती, तर मुलगी तिच्यासोबत जायला लागली. उलट फायदा झाला, त्या बायकांना बागेतलं जे कळतं ते कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या ओळीत पाणी कमी पडतं, कुठला घड मणीगळ करणार, त्या हात लावून सांगतात, आणि तिनं तेही लिहायला घेतलं, कुणी सांगितलं ते नावासकट.

आमच्या गटाचे काही नियम आहेत ते इथं सांगते कारण नवीन लोक त्याकडं दुर्लक्ष करतात. मेंटॉर मुलाला किंवा मुलीला बंद जागी एकटं भेटत नाही, आप्पा नेहमी सोप्यात किंवा बागेत वडील-आईच्या समोर. मेसेज करायचा तर घरातल्या मोठ्या माणसाला माहीत असला पाहिजे. पैशाचा व्यवहार नाही, उसनेसुद्धा नाहीत. आणि भेटीचा दिवस चुकवायचा नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, पण एकदा विश्वास तुटलेलं पोर तुमच्या बोलण्यापेक्षा तुम्ही ठरल्या दिवशी येता का हे बघत असतं.

ऑक्टोबरातला वाद

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा. बाग साधारण अडतीस दिवसाची, फुलोऱ्यात. दोन दिवस आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही. दुकानदारानं वडलांना सांगितलं, आज औषध मारलं नाही तर घड गळून हातात येतील. मुलगी म्हणाली, नको, चारही बागांत एक डाग नाही, पान आठलाच सुकतंय, तीन दिवसांपूर्वीच मारलंय. वडील चिडले. तिनं आप्पांना फोन करून बोलावलं, तिची खात्री होती की काका आपल्या बाजूनं बोलतील.

आप्पांनी वही बघितली, बाग फिरून बघितली आणि वडलांना म्हणाले, मारा औषध. फक्त कडंच्या दोन ओळी सोडा, तेवढ्या तिच्या.

ती भयंकर दुखावली. पुढच्या दोन आठवड्यांत आप्पा आले तेव्हा वही बाहेर आणली नाही. ते आले, चहा घेतला, वडलांशी बोलले, गेले. तिला समजवायला गेले नाहीत आणि यायचंही थांबले नाहीत. मी त्यांना विचारलं होतं की तिचं बरोबर असताना तुम्ही तिला पाठीशी का घातलं नाही, तर म्हणाले, तिचं बरोबर असंल, पण तिची वही एका महिन्याची हाय आणि त्या माणसाचं कर्ज चार वर्षाचं हाय. फुलोऱ्यात डाऊनी घडावर गेली तर साल जातं. तिला खरं ठरवायला मी त्याचं साल पणाला लावायचं का?

मला हे फार पटलं. पाठिंबा देणं म्हणजे पोराची प्रत्येक गोष्ट बरोबर म्हणणं असा समज आपल्यात आहे, कौतुकाचा पाऊस पाडला की कॉन्फिडन्स येतो असं वाटतं. पोरांना कळतं हो, कुठलं कौतुक फुकटचं आहे ते. आप्पांनी तिला दोन ओळी मिळवून दिल्या, म्हणजे तिच्या म्हणण्याला त्या घरात पहिल्यांदा जमिनीचा तुकडा मिळाला, आणि जोखीम तेवढीच ठेवली जेवढी घराला झेपेल.

तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच वही घेऊन बाहेर आली. दोन ओळींत डाग नव्हता. आप्पा म्हणाले, चांगलं झालं, पण दोन ओळी आणि तीन आठवडे, एवढ्यावर काय ठरत न्हाई. पुढच्या साली दहा ओळी मागायच्या. तिनं वहीत तेच लिहिलं, पुढच्या वर्षी दहा.

शिक्षणाचा प्रश्न

डिसेंबरात विषय निघाला की आता पुढं काय. आप्पांनी पर्याय मांडले, एमएचटी सीईटी पीसीबी ग्रुपमधून देऊन बीएस्सी ॲग्री, नाहीतर कृषी पदविका, नाहीतर घरी राहून मुक्त विद्यापीठाचा कोर्स. आणि वडील जे बोलले ते मी विसरणार नाही, "आम्ही पोरीला शेतीतनं बाहेर काढाय शिकवतोय आणि तुम्ही तिला परत शेतीत घालताय."

या वाक्याला उत्तर देणं सोपं नाही आणि आप्पांनी भाषणानं दिलं नाही. त्यांनी २०१० सालची गोष्ट सांगितली, युरोपला गेलेल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचा अंश सापडला आणि माल अडकला, कितीतरी बागायतदारांचे पैसे बुडाले. आपण तेव्हा लिहोसिन, म्हणजे हेच क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायला सर्रास वापरायचो, त्याचा अंश तिकडं तपासला जाईल हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. तेव्हापासून कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, अंश किती चालतो, कागद कसे ठेवायचे यावर एक्स्पोर्टचा माल उभा असतो. मग विचारलं, तुम्ही द्राक्ष सल्लागाराला एकरी पैसे देता का? देतो. त्यात बाई बघितली का कधी? नाही. तेवढं बोलून उठले.

नंतर ते बाप-लेकीला एका द्राक्ष चर्चासत्राला घेऊन गेले. तिथं एक तज्ज्ञ बाई डाऊनीवर बोलल्या आणि शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मुलीनं उठून विचारलं की दव सकाळी आठला सुकतं पण घडाच्या आत ओल राहते ती मोजायची कशी. हॉलमधले पंचवीस-तीस वर्षं बाग करणारे लोक मागं वळून बघायला लागले. वडील त्या रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाले की सीईटीचा फॉर्म कधी निघतो बघ.

स्थळाचं आईनं वर्षभर थांबवलं. पूर्ण थांबवलं असं म्हणणार नाही.

सीईटीला नीटचा बायोलॉजीचा अभ्यास कामाला आला, फिजिक्स पुन्हा कच्चंच राहिलं. ४ जून २०२४ ला नीटचा निकाल लागला, तिच्या क्लासमधल्या दोन मैत्रिणींचं झालं, आणि मुलगी परत दोन दिवस आतल्या खोलीत. इथं आप्पांचं काही चाललं नाही, त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं, आणि आमच्या गटातल्या नर्सताई गेल्या. त्या रात्रभर तिच्याजवळ राहिल्या, दवाखान्यातलं, स्वतःचं, इकडचं तिकडचं बोलल्या. डॉक्टर व्हायचं राहून गेलं याचं दुःख खरं आहे आणि ते बागेमुळं पुसलं जात नाही, ते तसंच राहू द्यावं लागतं, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. एका पोरामागं एकच माणूस पुरत नाही हे मी तेव्हापासून प्रत्येक मेंटॉरला सांगते. काम शिकवणारा एक आणि मनाचं ऐकणारा एक, ते दोन्ही एकाच माणसात असतीलच असं नाही आणि नसले तरी बिघडत नाही, दुसऱ्याला बोलावता आलं पाहिजे.

आज कुठं आहे

कॉलेज मिळालं, आपल्याच भागातलं, बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. आता दुसरं वर्ष चालू आहे. फीची ओढाताण आहेच, मुलींच्या फी सवलतीची कागदपत्रं काढायला वडलांनी तहसीलच्या बऱ्याच फेऱ्या मारल्या. वनस्पती रोगशास्त्रात ती पुढं आहे, केमिस्ट्री जेमतेम. चौथ्या वर्षाला मुलं गावात राहून काम करतात तो रावेचा भाग येईल, तेव्हा तिला आपल्याच भागातलं गाव हवंय.

आप्पा आता महिन्यातून एकदा जातात. कमी करायचं त्यांनीच ठरवलं, आणि त्याआधी चर्चासत्रातल्या त्या तज्ज्ञ बाईंशी तिची ओळख घट्ट करून दिली, सुट्टीत ती त्यांच्यासोबत बागा फिरते. वडील अजूनही ऑक्टोबरात दुकानदाराचं ऐकतात, पण फवारणीच्या आधी पान किती वाजता सुकलं हे कॉलेजला फोन करून विचारतात, कारण सकाळची नोंद आता धाकटा भाऊ करतो आणि तिला पाठवतो. दहा ओळी तिला मिळाल्या. त्यातल्या एका टोकाला डाग आले, वेळेत दिसले, तेवढ्यावर औषध मारलं, आणि दोन फवारण्या वाचल्या असं तिच्या हिशोबात दिसतंय. वडलांच्या मते एकच वाचली.

तिच्या चार बागावाल्यांनी आता वर्गणी काढून एक हवामान यंत्र बसवायचं ठरवलंय, पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणाऱ्या सेन्सरसकट. ते कुणाच्या रानात बसवायचं यावर सध्या वाद चाललाय. ती म्हणते खालच्या पट्ट्यात, तिथं दव सगळ्यात उशिरा सुकतं, दोन वर्षांच्या नोंदी आहेत. ज्यांनी जास्त पैसे घातलेत ते म्हणतात आमच्या विहिरीजवळ. पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि तिला बोलावलंय.